आधी रंग, मग नाव

लहान मुलांना रंग शिकवणे म्हणजे रंगांची नावे पाठ करून घेणे, असा समज रूढ आहे. नाव कळले की मूल पाहायचे थांबते, असे मला धरमपेठेतल्या मुलांबरोबर चित्रे काढताना वारंवार दिसले.

दिवाळीच्या सुमारास नागपुरात आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात. रात्री पुरेशा थंड झाल्याशिवाय सालीतले हरितद्रव्य ओसरत नाही. त्यामुळे आतून पिकलेले फळ बाहेरून पुष्कळदा हिरवट असते. असे संत्रे समोर ठेवले, तरी पाच-सहा वर्षांची मुले नारिंगी खडूच उचलतात. मग मी खडूंची पेटी बंद करते. सालीवर दिसतील तितके रंग हळद, पालक आणि बीट यांच्या रसातून बनवायचे, हा खेळ. वाट्या भरत जातात आणि वाद सुरू होतो: 'हा हिरवा तो नाहीच!'

हळद फासलेल्या कागदावर साबणाचे पाणी पडले की लालसर डाग उमटतो. लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा. क्षार आणि आम्ल हे शब्द पुढे येतील. रंग बदलतो, हे आजच कळते.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, फुले, शिंपले हीच साधने मानली. मराठीनेही आमसुली, मोरपंखी, अबोली ही नावे वस्तूंवरूनच घेतली. आमसूल कधी न पाहिलेल्या मुलाला 'आमसुली' म्हणजे नुसता शब्द. म्हणून आमसूल आधी हातात द्यावे, नाव नंतर सांगावे.