आम्ही, आपण आणि ‘वी’

सोलापुरातल्या पद्मशाली समाजाच्या एखाद्या घरातला मुलगा पुण्यात शिकायला येतो. घरी तेलुगू, शाळा मराठी, शेजारीपाजारी कन्नड आणि सिनेमाची हिंदी. तरी कॉलेजच्या कट्ट्यावर तो म्हणतो, ‘आपली भाषा कच्ची आहे रे.’ भाषा म्हणजे अर्थात इंग्रजी. बाकीच्या चार त्याने हिशेबातच धरलेल्या नसतात.

एकेकाळी दोन भाषांनी मुलांचा गोंधळ उडतो, असंच बहुतेक अभ्यासक मानत. १९६२ साली पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची मुलं तपासली, तर द्विभाषिक मुलंच सरस निघाली. पुढे १९९४ मध्ये सेनोझ आणि व्हॅलेन्सिया यांना स्पेनच्या बास्क प्रदेशात दिसलं की, बास्क आणि स्पॅनिश दोन्ही येणारे विद्यार्थी इंग्रजीत पुढे असतात. हुशारी, आवड आणि घरची परिस्थिती यांचा परिणाम वजा केला तरीही.

मग सोलापूरकराचं घोडं अडतं कुठे? एक अडचण आपल्या भाषांच्या सारखेपणात आहे. मराठीत भूक ‘मला’ लागते, हिंदीत ‘मुझे’, तेलुगूत ‘नाकु’; इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच भुकेला ‘असतो’. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ मध्ये भारताला एकच ‘भाषिक क्षेत्र’ म्हटलं ते अशाच सारखेपणांमुळे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये तर गम्पर्झ आणि विल्सन यांना मराठी, कन्नड आणि उर्दू वाक्यं जवळजवळ शब्दास शब्द जुळताना आढळली (१९७१). जे एका भाषेत नाही ते बहुधा दुसरीतही नसतं; त्यामुळे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कुठे लावायचे, हे शिकायला चारही भाषांची मदत शून्य.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. टोरांटोत मेरिल स्वेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये फ्रेंच शिकणारी स्थलांतरितांची मुलं पाहिली. घरची भाषा नुसती बोलणाऱ्यांपेक्षा ती लिहिता-वाचता येणारी मुलं पुढे होती. आपला सोलापूरकर आईशी तासभर तेलुगूत बोलेल, पण तेलुगूतलं पत्र त्याला वाचता येत नाही. भाषेकडे जरा लांबून, वस्तूसारखं पाहण्याची सवय लिहिण्या-वाचण्यातून लागते. ती मराठीने त्याला लावलेली असते; विद्यापीठात कला शाखेचे पेपर तो मराठीतून लिहू शकतो. इंग्रजीच्या तासाला मात्र ती मराठी दाराबाहेर ठेवायला सांगतात. हा शहाणपणा मला कधी कळलेला नाही.

(शाळेचं माध्यम आणि घरचा पैसा हेही पुण्यात इंग्रजीचे गुण ठरवतात. नुसत्या भाषा मोजून निकाल लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.)

मराठीला दाराच्या आत घेणारा एक प्रयोग वर्गात फुकट होतो. फळ्यावर इंग्रजीत लिहा, ‘वी आर गोइंग’, आणि विचारा, ऐकणारा बरोबर येतोय का? मराठी मुलं लगेच ‘आम्ही’ की ‘आपण’ म्हणून भांडतील. तेलुगूवाला ‘मेमु’ आणि ‘मनमु’ वेगळे करून दाखवेल. हिंदीवाले ‘हम’ म्हणून गोंधळात पडतील. इंग्रजीचा धडा अजून सुरूही झालेला नसेल, पण सगळा वर्ग व्याकरणावर हुज्जत घालत असेल.