दाव्यांच्या मिसलीतली वऱ्हाडी घराणी

वाटणी, दत्तक, गहाण, पोटगी आणि वतन यांवरून झालेल्या जुन्या दाव्यांचे कागद, म्हणजे त्यांच्या मिसली, हे वऱ्हाडातील घराण्यांच्या इतिहासाचे फार मोलाचे साधन आहे. सातबारा किंवा फेरफार पाहिला की वावर कोणाच्या नावावर आहे ते कळते. दाव्यात मात्र तो हक्क कोणत्या नात्याने आला, हे सिद्ध करावे लागते. म्हणून वादी वंशावळ दाखल करतो, प्रतिवादी तिच्यातली एखादी शाखा नाकारतो आणि साक्षीदाराच्या जबानीच्या आरंभी त्याचे, त्याच्या वडिलांचे नाव, वय, धंदा आणि गाव येते.

उदाहरणार्थ, अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातील घराण्याचा माग काढायचा तर कागद कोणाच्या अमलातला आहे, ते आधी ठरवावे लागते. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. अपिलांची जागाही बदलत गेली. आधी ज्युडिशियल कमिशनर, 9 जानेवारी 1936 पासून नागपूरचे उच्च न्यायालय आणि 1956 नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. इंग्रजी अमलात वरुड मोर्शी तालुक्यातच होते. त्यामुळे वरुडकडच्या घराण्यांचे जुने कागद शोधतानाही मोर्शीचे नाव ध्यानात ठेवावे लागते. निजामी महसुली कागदावर फसली सन असेल तर त्यात 590 मिळवावेत, म्हणजे जवळचे इसवी सन मिळते.

इंग्रजी न्यायालयांच्या आधीही वतनाचे तंटे लेखी चालत. देशमुखी किंवा पाटीलकीवर हक्क सांगणारा आपल्या घराण्याची हकीकत ‘करीना’ म्हणून लिहून देई. गोतसभेचा निर्णय महजर या निवाडापत्रात नोंदला जाई आणि त्याखाली हजर असलेल्यांची नावे येत. अशाच कागदांवरून वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा ग्रंथ सिद्ध केला. हे कागद बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

या मिसलींचे खरे मोल बायकांच्या नावांत आहे. महसुली नोंदीत बाप, मुलगा, नातू एवढीच साखळी दिसते. 1937 च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेला इस्टेटीत वाटा नव्हता, फक्त अन्नवस्त्राचा हक्क होता. तो मागायला ती कोर्टात गेली की दीर, सासरा, सवत, मुली सगळे एका कागदावर येतात. दत्तकाच्या दाव्यात मुलाचे जनक घराणेही कळते, आणि नुसत्या वंशावळीत हा दुवा हमखास निसटतो. दावा चालू असताना पक्षकार वारला तर 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 प्रमाणे वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज होतो. त्या अर्जातून मृत्यूचा काळ आणि हयात वारस दोन्ही मिळतात.

तरीही दाव्यातली वंशावळ जशीच्या तशी मानू नये. ती इस्टेट मिळवण्यासाठी लिहिलेली असते. 1872 च्या पुरावा कायद्याने मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले विधान ग्राह्य मानले, पण ते वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असावे अशी अट घातली. इतिहासाच्या अभ्यासकानेही हीच कसोटी लावावी. कोर्टाने काय मान्य केले ते निकालपत्रात पाहावे आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदींशी, 1954-55 च्या अधिकार अभिलेखाशी ते ताडून घ्यावे.

शोधाची सुरुवात दाव्याचा क्रमांक, सन आणि पक्षकारांची नावे यांपासून होते. घरच्या ट्रंकेतला हुकूमनामा किंवा जुने खरेदीखत यांत तो क्रमांक बहुधा सापडतो. अपील झाले असेल तर छापील निकालांचे खंडही चाळावेत. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये 1914 पासूनचे निकाल आहेत. मग नकलेसाठी अर्ज करता येतो. पक्षकार नसलेल्याला त्यात कारण द्यावे लागते.

मात्र सगळी मिसल कायम राहत नाही. 1917 च्या कायद्यानुसार उच्च न्यायालयांना निरुपयोगी कागद नष्ट करण्याचे नियम करता येतात. निकाल आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपले जातात, पण जबान्या आणि अर्ज आधी जातात. घराण्याची खरी माहिती नेमकी त्यांतच असते. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या दाव्याच्या नकला आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ज्या मिसली अजून शाबूत आहेत त्यांच्या नकला वेळीच मागाव्यात.