मतदाराची खतावणी

नेत्याने पक्ष बदलला की अनुयायीही मुकाट्याने मागे जातात, हा समज नांदेडने पुरता खरा ठरू दिला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव चव्हाण काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात गेले. जूनमध्ये नांदेडने काँग्रेसचेच वसंतराव चव्हाण लोकसभेवर पाठविले. त्यांच्या निधनामुळे नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली. त्याच दिवशी मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा, अशोकरावांच्या कन्येच्या भोकरसह, महायुतीला मिळाल्या. लोकसभेची जागा मात्र १,४५७ मतांनी काँग्रेसकडेच राहिली. शेजारच्या लातूरने १९९५ मध्ये विलासराव देशमुखांना घरी बसविले आणि १९९९ मध्ये पुन्हा स्वीकारले. निष्ठावंताचा अविश्वास सभेत बोलत नाही, मतदानातून बोलतो. विश्वास ही मुदतीची उसनवारी आहे. तिला वडिलोपार्जित इस्टेट समजणाऱ्यास व्याजासह हिशेब द्यावा लागतो.