करारनाम्याचे शेवटचे पान

पुण्यामुंबईत भाड्याने घर पाहणारा गृहस्थ नळाला पाणी किती वाजता येते, स्टेशन किती अंतरावर आहे, याची कसून चौकशी करतो, आणि मग एजंटाने बोट ठेवले तेथे निमूट सही करून मोकळा होतो. वस्तुतः घर सोडण्यासंबंधीची कलमेच त्याने प्रथम वाचावीत. कारण पहिल्या दिवशी उभयपक्षी जे सौजन्य ओसंडत असते, त्याची खरी परीक्षा अनामत रक्कम परत मागण्याच्या दिवशी होते.

करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा समज अद्याप दृढ आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याने एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची केल्यामुळे ही प्रथा रुजली खरी. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या 55 व्या कलमानुसार, मुदत कितीही अल्प असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्चाची सबबही लंगडीच. दरमहा वीस हजार भाडे आणि एक लाख अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या परवाना-करारास (‘लीव्ह अँड लायसन्स’) मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत बसते. नोंदणी फी निराळी.

याच कायद्याचे 24 वे कलम मात्र भाडेकरूने विशेष सावधपणे ध्यानी घ्यावे. परवान्याची मुदत संपूनही जो घर सोडीत नाही, त्याजकडून सक्षम प्राधिकारी ताबा काढून देतो व दुप्पट दराने भरपाई देववितो. शिवाय लेखी करारात जे नमूद असेल तेच तेथे निर्णायक पुरावा ठरते. तेव्हा ‘राहा हो, पुढे वाढवून देऊ’ या तोंडी आश्वासनावर मुलांच्या शाळेचे वर्ष अवलंबून ठेवू नये. वाढीव मुदत आणि भाडेवाढीचा दर दस्तातच लिहवून घ्यावा. अनामत किती दिवसांत परत मिळेल, रंगाचा खर्च तीतून कापणार की नाही, ‘लॉक-इन’च्या, म्हणजे घर सोडता न येण्याच्या, काळात बदली झाली तर काय, हेही तेथेच हवे. मालक मंडळी यावर किंचित रुष्ट होतात, होऊ द्यावे.

मालकी तपासण्यास नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा (‘इंडेक्स टू’) उतारा पाहावा, आणि सही दुसराच कोणी करीत असेल तर कुलमुखत्यारपत्र मागावे. मागील विजेची थकबाकी आहे काय, सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क कोण भरणार, हे विचारण्यात संकोच नको. ते शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. अनामत धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी आणि तिचा तपशील करारात घालावा. राहिली भिंतींची ओल, गीझर, पंखे यांची यादी: ती छायाचित्रांसह सहीपूर्वी करून मालकाची संमती घ्यावी, कारण किल्ली हाती आल्यानंतर दिसलेली प्रत्येक भेग भाडेकरूच्याच नावे जमा होते.