नाशिक रोडचे इंग्रजी शब्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कानाला सारखे लागणारे, परंतु अर्थाने दूर असलेले शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत, आणि ते देवनागरीत लिहिले की त्यांच्या वर्णलेखनातला फरकही नाहीसा होतो. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात दोन समज रुजतात : उच्चार एक असेल तर शब्दही एकच असला पाहिजे, हा पहिला; आणि अर्थ फार दूर गेले असतील तर त्यांचा परस्परांशी संबंध नसावा, हा दुसरा. हे दोन्ही समज तपासण्यास नाशिक रोडइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल, कारण येथील रेल्वे, मुद्रणालये आणि शेजारची देवळालीची छावणी यांनी कित्येक पिढ्या इंग्रजी शब्द लोकांच्या रोजच्या बोलण्यात रुळवले आहेत.

आरंभ गावाच्या नावापासूनच करता येतो. ‘नाशिक रोड’ हे मुळात एखाद्या रस्त्याचे नाव असावे, असे परगावच्या माणसाला वाटते. वस्तुतः लोहमार्ग ज्या गावापासून काही अंतरावरून गेला, त्या गावाकडे जाणारा रस्ता जेथून फुटतो त्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ जोडण्याची रेल्वेची रीत होती. वसई रोड, डहाणू रोड, सावंतवाडी रोड, अबू रोड ही नावे त्याच रीतीची आहेत. मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाचे मात्र तसे नाही. ते मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावरून ओळखले जाते. शब्द एकच, पण एका नावात तो दिशा सांगतो आणि दुसऱ्यात जागा.

याहून खोल गैरसमज ‘इंडिया सिक्युरिटी प्रेस’ या नावाविषयी आहे. १९२५ च्या सुमारास हे मुद्रणालय सुरू होण्यापूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत असत. कडक पहारा, उंच भिंती आणि प्रवेशाचे निर्बंध पाहणाऱ्याला या नावातील ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थव्यवहाराच्या इंग्रजीत हा शब्द तारण, हमी आणि पुढे रोखा अशा अर्थांनी वापरला जातो, आणि शासनाने या संस्थेला दिलेले हिंदी नाव हाच अर्थ उचलते : भारत प्रतिभूति मुद्रणालय. संस्कृतात ‘प्रतिभू’ म्हणजे जामीन राहणारा; ज्या कागदाच्या मोलाची हमी कोणी घेतली आहे, तो कागद छापण्याची ही जागा. भांडवलबाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’च्या नावातही ‘प्रतिभूती’च आहेत. मात्र नोटेतील ‘सिक्युरिटी थ्रेड’, म्हणजे कागदात विणलेला धागा, हा बनावट नोटांपासून संरक्षण देतो आणि तेथे ‘सुरक्षा’ हाच अर्थ योग्य ठरतो. दोन्ही अर्थांचे मूळ एकच लॅटिन शब्द आहे, ‘चिंतेवाचून असलेला’ अशा अर्थाचा. चोराची चिंता नसणे आणि कर्ज बुडण्याची चिंता नसणे, अशा दोन वाटा त्यातून फुटल्या. एका शब्दाला असे अनेक अर्थ फुटतात तेव्हा त्याला अनेकार्थी शब्द म्हणतात.

‘मिंट’ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नाशिक रोडला नोटा छापतात म्हणून तेथे टांकसाळ आहे असे सर्रास म्हटले जाते, पण टांकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा कारखाना, आणि तो मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथे आहे; नाशिक रोडला १९२८ साली सुरू झाली ती करन्सी नोट प्रेस. नाण्यांचे ‘मिंट’ लॅटिन ‘मोनेटा’पासून आले, तर पुदिन्याचे ‘मिंट’ लॅटिन ‘मेंथा’पासून. उच्चार आणि वर्णलेखन दोन्ही जुळूनही हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रवासात झिजत झिजत ते योगायोगाने एका रूपाला आले. अशांना समरूप शब्द म्हणतात. छपाईतील कोरीव पोलादी ठसा म्हणजे ‘डाय’, केसांना लावायचा रंग ‘डाय’ आणि मरणे या अर्थाचे क्रियापद ‘डाय’, हे तिघेही मुळाने एकमेकांना परके आहेत.

अर्थ दूर, पण मूळ एक, असा नमुना वहीपेनाच्या दुकानात मिळतो. ‘स्टेशनरी’ म्हणजे लेखनसाहित्य आणि ‘स्टेशनरी’ म्हणजे स्थिर हे शब्द इंग्रजीत एका स्वराने वेगळे लिहितात, आणि शाळेत ते असंबद्ध म्हणून पाठ करवले जातात. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळे, एका जागी दुकान थाटून बसणारे ग्रंथविक्रेते ‘स्टेशनर’ म्हणवत. त्यांचा माल ती स्टेशनरी. रेल्वेचे ‘स्टेशन’ही उभे राहण्याच्या त्याच लॅटिन मुळाचे.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र उलट दिशेने गेले आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन् महिने वाट पाहणारे ब्रिटिश सैनिक कंटाळ्याने आणि उन्हाने भ्रमिष्ट होत, असे मानले जाई, आणि त्या अवस्थेला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणत. यातील ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली, हे अनेकांना ठाऊक असते. ‘टॅप’ मात्र डोक्यावर बसलेली टपली किंवा नळ यांच्याशी जोडला जातो. तो इंग्रजी ‘टॅप’ नव्हेच. तो हिंदुस्तानी ‘तप’, म्हणजे आपला ताप आहे. केवळ आवाजावरून नाते जोडण्याची चूक इंग्रजी बोलणारेही करतात, याचा हा पुरावा नाशिक रोडच्या शेजारीच आहे.

हा सारा घोळ इंग्रजीचाच दोष आहे, हाही गैरसमजच. मराठीत ‘तो पाठ’ पठणातला आणि ‘ती पाठ’ संस्कृत ‘पृष्ठ’ झिजून झालेली. येथे निदान लिंगभेद मदतीला येतो. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून शब्दकोशाकडे वळावे लागते. चांगला इंग्रजी कोश समरूप शब्दांना सहसा स्वतंत्र नोंदी देतो आणि अनेकार्थी शब्दाचे अर्थ एकाच नोंदीखाली क्रमांक घालून मांडतो. विद्यार्थ्यांकडून केवळ अर्थांच्या जोड्या पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी त्यांना या नोंदी उघडून पाहायला लावाव्यात.