विंचूरकर (आडनाव)

विंचूरकर : नाशिक जिल्ह्यातील विंचूर (ता. निफाड) या गावावरून पडलेले एक मराठी आडनाव. मुख्यतः पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव (मृ. १७६७) याच्या घराण्याचे हे आडनाव होय. या घराण्याचे मूळ आडनाव दाणी, व मूळ ठिकाण सासवड (जि. पुणे). विंचूरची जहागीर मिळाल्यानंतर जुने आडनाव मागे पडून जहागिरीच्या गावाचे नाव घराण्याला चिकटले आणि पुढील पिढ्यांनी तेच चालविले. याच काळात दाणी आडनावाच्या दुसऱ्या एका सरदाराच्या घराण्यात, म्हणजे नारो शंकर याच्या घराण्यात, किताबावरून राजेबहाद्दर हे आडनाव रूढ झाले. ही दोन्ही आडनावे आज विरळ असून दोन्हींची मुळे नाशिक जिल्ह्यातच आहेत. आडनाव ही कुळाची खूण आहे, हा सर्वसाधारण समज कितपत टिकतो, हे पाहण्यास ही उदाहरणे विशेष उपयोगी आहेत.

मराठी प्रदेशात ग्रामनामास ‘कर’ हा प्रत्यय लावून आडनावे बनतात, हे सर्वपरिचित आहे. निफाडकर, सिन्नरकर, चांदवडकर, मालेगावकर ही नाशिक जिल्ह्यातीलच उदाहरणे. तथापि हा प्रत्यय दोन निरनिराळ्या अर्थांनी लागतो, आणि त्यांतील भेद पुष्कळदा ध्यानात घेतला जात नाही. पहिला अर्थ ‘त्या गावाहून आलेला’ असा. गावात राहणाऱ्यास त्या गावाच्या नावाने कोणी हाक मारीत नाही, कारण तेथे सर्वच जण त्या गावचे असतात. मनुष्य गाव सोडून परक्या ठिकाणी गेला म्हणजे त्याची ओळख मागे राहिलेल्या गावाने पटविली जाते. होळकर हे आडनाव या प्रकारचे आहे. ते पुणे जिल्ह्यातील नीरेकाठच्या होळ या गावाची आठवण सांगते. घराण्याचे वैभव मात्र इंदूर-महेश्वरला वाढले, आणि नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या रंगमहालाच्या रूपाने त्याची खूण राहिली. दुसरा अर्थ ‘त्या गावाचा धनी’ असा. येथे मनुष्य गावाहून आलेला नसतो, तर गाव त्याच्याकडे आलेले असते. विंचूरकर हे आडनाव या दुसऱ्या प्रकारचे. सासवडच्या दाण्यांना सासवडकर म्हटले गेले असते, तर ते पहिल्या प्रकारात बसले असते.

विंचूर हे गाव लासलगावजवळ, नाशिकहून येवल्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जिल्ह्यात याच नावाची आणखी गावे आढळतात. सिन्नर तालुक्यातील गाव विंचूर दळवी, तर नाशिक तालुक्यातील विंचूर गवळी या नावाने ओळखले जाते. म्हणजे येथे क्रम उलटा झालेला दिसतो : सारख्या नावांची गावे वेगळी ओळखण्यासाठी त्यांच्यापुढे दळवी, गवळी असे शब्द जोडावे लागले. निफाड तालुक्यातील विंचूर मात्र अशा जोडनावाविना राहिले. विंचूरकर म्हणविणारे प्रत्येक घर सरदार घराण्यातीलच असेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. यांपैकी कोणत्याही विंचूरहून बाहेर पडलेल्या, कोणत्याही जातीच्या कुटुंबास हे आडनाव पहिल्या अर्थाने लागू शकते. गावाचे नाव ही कोणा एकाच्या मालकीची वस्तू नव्हे.

विठ्ठल शिवदेव याची कारकीर्द अठराव्या शतकाच्या मध्यातील. रघुनाथरावाच्या उत्तरेकडील मोहिमेत १७५७ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, तीत तो होता. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत (१४ जानेवारी १७६१) तो सदाशिवरावभाऊच्या सैन्यातील घोडदळाच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. इब्राहिमखान गारदी याच्या पलटणींच्या आधाराने लढण्याऐवजी त्याच्या स्वारांनी रांग मोडून रोहिल्यांवर धाव घेतली, हा त्या दिवसाच्या वर्णनांतील बहुचर्चित प्रसंग होय. लढाईतून तो जिवंत परतला आणि १७६७ मध्ये मरण पावला. त्यानंतर त्याचा पुत्र शिवाजी विठ्ठल हा पुढे आला.

ही नावे ज्या रीतीने लिहिली जात, तीच येथे लक्षणीय आहे. पेशवेकालीन पत्रव्यवहारात स्वतःचे नाव व त्यापुढे पित्याचे नाव अशी जोडी देणे पुरेसे समजले जाई : विठ्ठल शिवदेव, शिवाजी विठ्ठल, नारो शंकर. आडनाव त्या जोडीत अनिवार्य नव्हते. मनुष्य कोणाचा मुलगा हे सांगितले की तो कोण हे कळत असे. ‘आडनाव’ या शब्दाचा वापरही त्या काळात पुष्कळसा जोडनावासारखाच होता. ओळख पटविण्यास अधिक काही हवे असेल, तेव्हाच ते घेतले जाई. यामुळे दाणी हे आडनाव समारंभपूर्वक टाकून दिले गेले आणि विंचूरकर हे स्वीकारले गेले, असे चित्र रंगविणे चुकीचे ठरेल. जे आडनाव मुळात क्वचितच घेतले जाई ते मागे पडले, आणि जहागिरीचे नाव वारंवार तोंडी येऊ लागल्याने ते रुळले, एवढेच घडले. इतिहासाच्या अभ्यासकास याचा त्रास आजही होतो. एकच व्यक्ती एका ग्रंथाच्या सूचीत ‘विठ्ठल शिवदेव’ म्हणून, दुसऱ्या ग्रंथात ‘विंचूरकर’ म्हणून, तर क्वचित ‘दाणी’ या शब्दाखाली सापडते. या तिन्ही ठिकाणी पाहिल्याखेरीज शोध पुरा होत नाही.

दाणी हे आडनाव व्यवसायावरून किंवा हक्कावरून आलेल्या आडनावांपैकी असावे असे त्याच्या रूपावरून दिसते. गुजरातीत ‘दाण’ म्हणजे जकात व ‘दाणी’ म्हणजे ती वसूल करणारा, हा अर्थ रूढ आहे. कुळकर्णी, देशपांडे, पोतनीस या आडनावांप्रमाणे तेही मग एखाद्या जुन्या कामाची स्मृती ठरेल. काम, गाव आणि किताब या मराठी आडनावांच्या तीन मोठ्या वर्गांची उदाहरणे अशा रीतीने एका दाणी या आडनावाभोवती एकत्र येतात.

तिसरा वर्ग, म्हणजे किताबाचा, नारो शंकराच्या घराण्यात दिसतो. नारो शंकर हा १७४२ च्या सुमारास पेशव्यांच्या वतीने झाशीचा सुभेदार झाला व १७५७ पर्यंत तेथे होता. त्याने झाशीच्या जुन्या किल्ल्याचा विस्तार केला आणि त्या भागास शंकरगड असे नाव पडले. बाहेरून लोक आणून तेथे शहर वसविण्याचे श्रेयही त्याला दिले जाते. म्हणजे बुंदेलखंडात त्याच्या नावाचा जो अवशेष राहिला, तो आडनावाचा नसून ‘शंकर’ या पितृनामाचा होता. नाशिक जिल्ह्यात त्याने मालेगाव येथे मोसम नदीकाठी भुईकोट किल्ला बांधविला. त्याचे काम १७४० च्या सुमारास सुरू झाले. दुसऱ्या बाजीरावाविरुद्धच्या युद्धात १८१८ साली हा किल्ला अरब शिबंदीने नेटाने लढविला, व इंग्रजांना तो बऱ्याच प्रयासाने घ्यावा लागला.

नाशिक शहरात पंचवटीच्या बाजूस गोदावरीकाठी नारोशंकराचे मंदिर आहे. हे रामेश्वराचे शिवमंदिर १७४७ मध्ये बांधले गेले. त्याच्या दर्शनी भागावरील प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची असून वसईच्या विजयाची (१७३९) खूण म्हणून ती तेथे टांगल्याचे सांगतात; तीवर १७२१ हे वर्ष आहे. गोदेच्या पुराची उंची या मंदिरावरून सांगण्याची नाशिककरांची जुनी रीत आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघातही बोलण्यात आहे. गंमत अशी, की ज्याचे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले, त्याचे आडनाव विचारल्यास थोड्यांनाच सांगता येईल. मंदिर दाण्यांचे नव्हे, राजेबहाद्दरांचेही नव्हे, तर नारोशंकराचे म्हणूनच ओळखले जाते.

राजेबहाद्दर हा मुळात मोगली दरबाराच्या धर्तीचा किताब. तो व्यक्तीस मिळाला, परंतु वंशजांनी तो आडनावासारखा चालविला. लेखनात त्याची राजेबहादूर, राजेबहाद्दर अशी रूपे आढळतात. या आडनावाची एक अडचण महाराष्ट्राबाहेर विशेष जाणवते. रोमन लिपीत त्याचे दोन शब्द पाडले गेले, की ‘बहादूर’ एवढाच भाग आडनाव समजला जातो आणि नाशिकचे देशस्थ ब्राह्मण कुटुंब उत्तर भारतातील किंवा नेपाळमधील ठरते. महाराष्ट्रातही केवळ ‘राजे’ या शब्दावरून मराठा संस्थानिक घराण्याशी संबंध जोडला जाण्याची शक्यता असते. विंचूरकर या आडनावास असा धोका कमी. त्याचा ‘कर’ मराठीपण लपू देत नाही.

गावाचे नाव आडनावावर मात करते, हा प्रकार केवळ महाराष्ट्रातील नाही. फ्रान्समध्ये ‘द’ हा शब्द लावून जहागिरीचे नाव धारण करण्याची रीत होती. तेथेही तो शब्द कधी मालकी, तर कधी केवळ मूळ ठिकाण दाखवी, आणि पुष्कळ सामान्य कुटुंबांच्या आडनावांतही तो आढळतो. फ्रेंच राज्यक्रांतीतील प्रसिद्ध वक्ता मीराबो याचे घराण्याचे आडनाव रीकेती असे होते. मीराबो हे जहागिरीचे नाव. जून १७९० मध्ये वंशपरंपरागत सरदारकी व पदव्या रद्द झाल्यावर वृत्तपत्रे त्याला रीकेती म्हणू लागली, तेव्हा हा मनुष्य कोण असा लोकांना प्रश्न पडला व त्याने त्याबद्दल नाराजी दाखविली. रीकेती आणि मीराबो यांचे जे नाते, तेच दाणी आणि विंचूरकर यांचे.

दोन्ही देशांत फरक आहे तो आडनाव कायम होण्याच्या काळाचा. फ्रान्समध्ये १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन आले आणि आडनावे स्थिर होण्यास त्याची मदत झाली. १८९१ पासूनच्या जन्मांवरून तेथे आडनावांची जिल्हावार मोजदादही उपलब्ध आहे. महाराष्ट्रात आडनावे पक्की झाली ती बव्हंशी इंग्रजी अमदानीत, शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, न्यायालयीन कागद यांच्याद्वारे. सरंजामदार व इनामदार कुटुंबांच्या बाबतीत १८५२ च्या इनाम आयोगाने हक्कांची व वंशावळींची जी छाननी केली, तिचाही यात वाटा असणे स्वाभाविक आहे. ज्या नावाने हक्क सिद्ध करावयाचा, ते नाव सोडणे परवडणारे नव्हते. भारताच्या जनगणनेत आडनावांची कोष्टके दिली जात नाहीत. त्यामुळे येथे आडनावांचा प्रसार आकड्यांनी नव्हे, तर वाडे, वतने व कागद यांच्या मागाने शोधावा लागतो.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे अशा कागदांचे एक साधन पिढीजात चालत आले आहे. तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यात्रेस आलेल्या कुटुंबांची नावे, गाव व आप्तसंबंध लिहून ठेवलेले असतात. यजमानाने आपले आडनाव व मूळ गाव सांगितले, की त्यावरून उपाध्याय जुनी नोंद काढून दाखवितो. आडनाव बदललेल्या कुटुंबास मात्र नुसते आजचे आडनाव सांगून भागत नाही; पूर्वीचे आडनाव ठाऊक असेल, तरच त्याआधीच्या पिढ्यांपर्यंत पोहोचता येते. घरातील जुने आडनाव विस्मृतीत जाणे म्हणजे केवळ एक शब्द जाणे नव्हे. त्यामागील सर्व नोंदींची वाटच बंद होते. विवाहसंबंध ठरविताना याचीच दुसरी बाजू दिसे. आडनाव बदलले तरी गोत्र बदलत नाही. म्हणून एका कुळातून फुटलेल्या, परंतु भिन्न आडनावांच्या शाखांत परंपरेने विवाह होत नसत, आणि आडनाव एक असूनही गोत्र भिन्न असल्यास ते होऊ शकत. सगोत्र विवाहास कायद्याने १९४६ मध्ये मोकळीक मिळाली.

विंचूरकर आडनाव नाशिक जिल्ह्याबाहेर पसरले ते प्रथम पुण्याकडे. पेशव्यांच्या सरदारांनी राजधानीत वाडे बांधले, आणि त्या वाड्यांनी त्यांच्या गावांची नावे पुण्याच्या पेठांत आणून ठेवली. सदाशिव पेठेतील विंचूरकर वाडा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. लोकमान्य टिळक येथे बरीच वर्षे राहिले. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद त्यांचे पाहुणे म्हणून उतरले ते याच वाड्यात, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रारंभीच्या वर्षांतही या वाड्याचे नाव येते. १९०५ मध्ये टिळक गायकवाड वाड्यात गेले. विंचूर गाव कधी न पाहिलेल्या असंख्य मराठी वाचकांना हे आडनाव ठाऊक आहे ते या वाड्यामुळे. इंग्रजी अमदानीत हे घराणे दख्खनच्या पहिल्या वर्गाच्या सरदारांत गणले जाई, व त्याची गावे नाशिकखेरीज अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) व पुणे या जिल्ह्यांतही होती. विसाव्या शतकात शिक्षण व नोकरी यांच्या निमित्ताने मुंबई व इतर शहरे, आणि पुढे परदेश, हा मार्ग इतर मराठी कुटुंबांसारखाच.

मुंबई राज्यात सरंजाम, जहागिरी व राजकीय स्वरूपाची इतर इनामे परत घेण्याचे नियम १९५२ मध्ये लागू झाले. ज्या हक्कामुळे दाण्यांचे विंचूरकर झाले होते तो हक्क संपला, आडनाव मात्र दाणी झाले नाही. विंचूर आता कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि द्राक्षांपासून मद्य तयार करणाऱ्या उद्योगांच्या वसाहतीसाठी ओळखले जाते.