बैलाच्या मांडीतला मनाईहुकूम

चैत्र-वैशाखातील यात्रांच्या मोसमात जुन्नर-आंबेगावकडील एखाद्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात, निशाण पडताच, पुढे घोडी आणि मागे चार खिल्लारी बैलांची बारी चढणीवर उधळलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बैलाच्या मांडीतील बळाचे वर्णन सांगावयास नको. परंतु त्या बळाला मर्यादा घालणारे एक प्रथिन त्याच मांडीत तयार होत असते, ही गोष्ट १९९७ पर्यंत शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हती. त्या वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली, अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आदी संशोधकांनी उंदरांतील एक जनुक निकामी केले, तो त्या उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीने वाढले. त्या जनुकापासून होणाऱ्या प्रथिनास मायोस्टॅटिन हे नाव मिळाले.

कोवळ्या स्नायुपेशी आधी विभागून संख्येने वाढतात, मग विभाजन सोडून एकमेकींत मिसळतात आणि त्यांचे लांब तंतू बनतात. मायोस्टॅटिन स्नायूतूनच स्रवते, पण त्याला जखडून ठेवणारा त्याचाच एक तुकडा त्याच्यासोबत असतो. तो दूर झाला की ते पेशीच्या पृष्ठावरील ग्राहकास भिडते, आणि तेथून स्मॅड नामक प्रथिनांकरवी पेशीकेंद्रात मनाईहुकूम पोचतो. विभाजन तर थांबतेच. शिवाय पेशीला स्नायूचे रूप देणारे ‘मायोडी’ हे प्रथिनही दबते, म्हणजे वाढ आणि रूपांतर या दोन्ही खात्यांवर अंमल एकाचाच.

हा अंमल उठला तर काय होते, ते बेल्जियन ब्ल्यू या गोवंशात दिसते. तेथे या जनुकातील अकरा अक्षरे गळालेली आहेत. मांस अफाट, पण वासरू इतके रुंद की गाईची प्रसूती बहुधा पोट चिरूनच करावी लागते. आमच्या गाडाशौकिनांना अधिक बोधप्रद वाटावे असे उदाहरण मात्र व्हिपेट या शर्यतीच्या कुत्र्यांचे. २००७ साली असे आढळले की, या जनुकाची एकच प्रत बिघडलेली कुत्री सर्वांत वेगवान वर्गात अधिक असतात, आणि दोन्ही प्रती बिघडलेली बेढब, दांडगी निपजतात. खिल्लाराचा सडसडीत बांधा हे काही उणेपण नव्हे, असे माझे मत आहे.

मायोस्टॅटिन रोखणाऱ्या द्रव्यांना माणसांच्या स्पर्धांत २००८ पासून बंदी आहे. इकडे सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा कायदा वैध ठरविला, म्हणजे शर्यती राहणारच. तेव्हा बळ वाढविण्यासाठी बैलाला सुई टोचू पाहणाऱ्यास, सरकारी बंदोबस्ताची वाट न पाहता, गाडामालकांनीच घाटाबाहेर काढावे.